फास्टर फेणे आणि खाणवस्तीतील मुले

कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलाविले, की तो बोनसवर, ग्रॅच्युइटीवर, फार तर राष्ट्रीय कोळसा वेतन करारावर बोलणार, अशी श्रोत्यांची धारणा असते. आणि आजवर आम्ही ती खोटी पाडलेली नाही. या खेपेस मात्र चालकांकडून आम्ही विषय मागून घेतला तो मुलांच्या विनोदी, सचित्र साहसकथांचा. काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. त्यांस आमचे उत्तर असे, की मजुरीत वाढ मिळवून देणे हे जसे आमचे काम, तसेच ती वाढ घरात कोणत्या रूपाने शिरते याची चौकशी करणे हेही आमचेच काम आहे. वणी परिसरातल्या कामगारांच्या घरांत गेल्या तीस वर्षांत मोटारसायकल आली, कूलर आला, मोबाइल आला, मुलांच्या शिकवणीवर्गाची फी भरली जाऊ लागली. पुस्तके आली ती पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके. ज्यातून परीक्षेला एकही प्रश्न येत नाही, असे निव्वळ हसविणारे आणि छातीत धडधड वाढविणारे पुस्तक त्या घरांत फारच थोडे आले. ही उणीव लहान नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम ही वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. नऊ ते तेरा या वयाच्या वाचकासाठी लिहिलेली, एकाच नायकाच्या अनेक पराक्रमांची, जागोजाग चित्रे असलेली आणि अंगावर काटा आणता आणता हसविणारी पुस्तकांची माळ, म्हणजे ही मालिका. सात वर्षांच्या मुलास गोष्ट सांगावी लागते. पंधराव्या वर्षी ते मोठ्यांच्या कादंबरीत डोके घालते, नाहीतर वाचन सोडूनच देते. मधली चार-पाच वर्षे ही रेल्वेच्या सांध्यासारखी असतात. गाडी कोणत्या रुळावर जाणार ते तेथे ठरते. या वयात अक्षरे ओळखीची झालेली असतात, पण वाचण्याला वेग आलेला नसतो. वेग यावयाचा तर पुष्कळ पाने वाचावी लागतात, आणि पुष्कळ पाने वाचली जावयाची तर ती गोड लागावी लागतात. धड्याखालचे प्रश्न सोडवून हा वेग येत नाही. तो येतो पुढे काय झाले या उत्कंठेने पाने उलटून.

मालिकेचे काम येथे फार मोठे आहे. रोज नव्या ठेकेदाराकडे जाणारा मजूर आणि एकाच जागी दहा वर्षे राबलेला मजूर यांत जो फरक, तोच सुटी गोष्ट वाचणारे मूल आणि मालिका वाचणारे मूल यांत असतो. नव्या गोष्टीत माणसे कोण, गाव कोणते, कोण कोणाचा कोण, हे समजून घेण्यातच निम्मा दम जातो. मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात तो दम वाचतो. नायक ओळखीचा, त्याचा मित्र ओळखीचा, त्याच्या तोंडचे शब्द ओळखीचे. शिवाय एक मोठी खात्री असते: हा पोरगा यातून सुखरूप सुटणार, कारण तिसरे पुस्तक कपाटात दिसतेच आहे! ही खात्री असल्यामुळेच मूल भीतीची मजा घेऊ शकते.

आणि विनोद? साहस म्हटले की गंभीर चेहरा, असे पुष्कळांस वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. भुयारी खाणीत उतरणारी माणसे आपसांत जितकी थट्टामस्करी करतात, तितकी कचेरीत खुर्चीवर बसणारी करीत नाहीत. डोक्यावर छत कुरकुरत असता हसणाऱ्या माणसाचा हात स्थिर राहतो. चांगल्या साहसकथेचा लेखक हे जाणून असतो. पोरगा अंधाऱ्या खोलीत सापडला आहे, बाहेर चोरांची पावले वाजत आहेत, आणि नेमकी त्याच वेळी त्याला शिंक येते. वाचणारे मूल घाबरते आणि हसते, दोन्ही एकाच श्वासात.

मराठीत मुलांसाठी छापण्याची परंपरा जुनी आहे. मिशनऱ्यांचे ‘बालबोधमेवा’ १८७३ साली निघाले, वा. गो. आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक सुरू केले. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला आणि त्यातल्या रंगीत चित्रांनी खेड्यापाड्यांतील मुलांस वेड लावले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि पुष्कळशा गोष्टींच्या शेवटी तात्पर्य पहारेकऱ्यासारखे उभे असे आणि त्याच्या हाताखालून गेल्याखेरीज मुलाला बाहेर पडता येत नसे. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ लिहून घरातली, खोडकर, बोलघेवडी मुले पुस्तकात आणली, तेव्हा पहिल्याने वारा खेळला. पण घराचा उंबरठा ओलांडून, चोरांच्या मागे धावत जाऊन, पडत-धडपडत परत येणारा आणि त्यावर स्वतःच हसणारा मराठी पोरगा यावयाचा होता. तो भा. रा. भागवतांनी आणला.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० चा आणि मृत्यू २००१ चा. पत्नी लीलावतीबाई यांच्यासह त्यांनी १९५० च्या दशकात ‘बालमित्र’ हे मासिक चालविले. मुलांचे मासिक चालविणे हा धंदा म्हणून आतबट्ट्याचाच. वर्गणीदार दरवर्षी मोठा होतो आणि निघून जातो. त्याच्या जागी नवा शोधावा लागतो. (संघटनेच्या सभासदनोंदणीचा ताप ज्यांनी सोसला आहे, त्यांस हे अधिक सांगावयास नको.) दुसरीकडे भागवतांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकास मराठी मुलांच्या भेटीला आणले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावेच पाहा. व्हर्नने पृथ्वीच्या पोटातील प्रवासाची कादंबरी १८६४ साली आणि चंद्राची १८६५ साली लिहिली. ती मराठीत येताना परक्या बोलीचा वास राहू नये याची भागवतांनी फार काळजी घेतली. इतरांचे नायक अशा रीतीने घरी वागवून झाल्यावर त्यांनी स्वतःचा नायक घडविला, तो बनेश फेणे उर्फ फास्टर फेणे.

हा पोरगा फुरसुंगीचा. फुरसुंगी म्हणजे पुण्याच्या पूर्वेस हवेली तालुक्यातले गाव; आज शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडले आहे, पण भागवतांनी लिहावयास घेतले तेव्हा ते खेडेच होते. बनेश तेथून शिकण्यासाठी पुण्याच्या विद्याभवनात येतो. अंगाने किरकोळ, पायाने चपळ, सायकलवर बसला की वाऱ्याला मागे टाकणारा. मित्र सुभाष देसाई आणि नात्यातली बहीण माली ही त्याची पलटण. काही विशेष लक्षात आले, की टाळ्याला जीभ लावून तो ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो, आणि वाचणाऱ्या मुलास कळते की आता गंमत सुरू झाली. या एका आवाजाने त्या काळी किती घरांतल्या वडीलधाऱ्यांचे डोके उठविले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही! वीस पुस्तकांची ही माळ. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’, ‘चिंकू चिंपांझी आणि फास्टर फेणे’ अशी तिची चढती भाजणी आहे. फुरसुंगीहून निघालेला पोर पाहता पाहता काश्मीरला जाऊन पोहोचतो.

आम्हांस यात महत्त्वाचे वाटते ते हे, की फेण्याजवळ कोणतीही सिद्धी नाही. वेताळासारखी गुहा नाही, जादूची अंगठी नाही, बाप संस्थानिक नाही. त्याचे भांडवल म्हणजे दोन डोळे, दोन पाय आणि वाटेल तेथे नाक खुपसण्याची खोड. मोठी माणसे जे पाहून पुढे जातात तेथे हा थबकतो. रस्त्यावरचा अमका इसम अमक्या वेळी येथे का, हा प्रश्न त्याला पडतो. साहसकथेचे सारे यंत्र या एका खिळ्यावर फिरते. पहिल्या प्रकरणात प्रश्न पडला पाहिजे, तो मुलाला पडला पाहिजे, आणि मोठ्यांस तो बिनमहत्त्वाचा वाटला पाहिजे. मोठ्यांनी लगेच विश्वास ठेवला, पोलीस आले, चोर पकडला, तर पुस्तक दहा पानांत आटोपेल. म्हणून लेखक मोठ्यांना थोडे मंद ठेवतो. याबद्दल मोठ्यांनी राग मानू नये. नित्याच्या व्यवहारात मुले त्यांना याहून अधिक मंद समजतातच.

आता चित्रांकडे वळू. त्यांच्यामागे कामगारांची कारागिरी असल्यामुळे येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्र छापणे हे खर्चाचे काम होते. मजकुराचे खिळे जुळारी हाताने एकेक करून जुळवी. चित्राचा मात्र ठसा करावा लागे. काळ्या शाईने काढलेल्या रेखाचित्राचा फोटो प्रकाशाने परिणाम पावणारा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत, मग तो पत्रा आम्लात बुडवीत. जेथे रेघ तेथे जस्त सुरक्षित राही, बाकीचे आम्ल खाऊन टाकी. उठून राहिलेल्या रेघांचा तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या उंचीला आणला, की मजकुराबरोबर चित्र छापले जाई. छायाचित्र किंवा रंगांच्या छटा असलेले चित्र हवे असेल, तर त्याचे बारीक बारीक ठिपक्यांत रूपांतर करावे लागे. आणि असा ठिपक्यांचा ठसा खरखरीत, स्वस्त कागदावर छापला, तर ठिपके शाईने भरून जाऊन नायकाच्या तोंडाला काळे फासले जाई. मुलांचे पुस्तक स्वस्त हवे, म्हणजे कागद स्वस्त, म्हणजे चित्र नुसत्या रेघांचे. आपण लहानपणी पाहिलेल्या त्या ठसठशीत काळ्या रेघांच्या चित्रांचे मूळ असे बाजारभावात आहे. पुढे ऑफसेट छपाई आली आणि हे बंधन गेले, तरी विनोदी चित्राने रेघ सोडली नाही. कारण धावणाऱ्या पायांमागे दोन आडव्या रेघा ओढल्या की वेग दिसतो, आणि डोक्यावर चार थेंब काढले की घाम फुटतो. छायाचित्राला हे साधत नाही.

पुस्तकात चित्र कोठे घालावे, हेही एक शास्त्र आहे. चोर पकडल्याचे चित्र त्या प्रसंगाच्या आधीच्या पानावर आले, तर लेखकाची सारी मेहनत वाया जाते. म्हणून चाणाक्ष चित्रकार प्रसंग टोकास पोहोचण्याच्या क्षणभर आधीचे चित्र काढतो: हात दाराच्या कडीकडे गेला आहे, दार उघडलेले नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाला हे चित्र पुढच्या मुक्कामासारखे दिसते. तेथपर्यंत वाचले की थोडे थांबावयास मिळणार, या आशेवर ते आणखी दोन पाने ओढते. उन्हात पायी चालणारा पुढच्या कडुलिंबाकडे पाहत चालतो, तसे. असे असूनही अनेक पुस्तकांत लेखकाचे नाव मुखपृष्ठावर बोटभर जाडीचे, आणि चित्रकाराचे आतल्या पानावर मुंगीएवढ्या टाइपात. जुळाऱ्याचे तर नसेच. आमच्या कामगारांच्या मुलांना पुस्तक दाखविताना आम्ही ते मुंगीएवढे नाव आधी मोठ्याने वाचून घेतो. सवय, दुसरे काय!

असो. कचेरीत रविवारी सकाळी आम्ही मुलांना एकत्र बसवून अशी पुस्तके वाचून दाखवितो. उकणी, निलजई, मुंगोली या भागांतील उघड्या खाणींवर आणि इतरत्र भुयारी खाणीत काम करणाऱ्यांची मुले त्यांत असतात, शेतमजुरांची असतात, चुनाभट्टीवर राबलेल्यांची नातवंडे असतात. ती ऐकतात मन लावून, पण प्रश्न असे विचारतात, की पुण्यामुंबईच्या समीक्षकांना सुचणार नाहीत. पाताळलोकच्या यात्रेची हकिकत सांगून झाली, तेव्हा चौथीतला एक गडी उठून म्हणाला, “माहा बाप त रोजच जाते जी पाताळात. तिथं त काईच नाई भेटत!” सगळी खोली हसली. आम्हीही हसलो, आणि मग त्यालाच सांगावयास लावले, की बाप खाली जातो म्हणजे नेमके काय करतो. त्याने डोक्यावरच्या दिव्यापासून सुरुवात केली. दगडी छताला दिलेले आधार, पंप, अंधारात माणसे एकमेकांस आवाजाने कशी ओळखतात, हे सारे त्याने बापाच्या तोंडून ऐकलेले होते. पंधरा मिनिटे कोणी हलले नाही. व्हर्नचा प्रवास ज्यांना बांधून ठेवू शकला नव्हता, त्यांनाही या गड्याने बांधून ठेवले.

एका मुलीने फेण्याची गोष्ट ऐकल्यावर विचारले, “सगळ्याईच्या पुढं पोट्टाच काऊन ऱ्हाते जी?” याला आमच्याजवळ ‘चिंगी’ दाखविण्यापलीकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. पण सर्वांत अवघड प्रश्न निघाला तो सुट्टीचा. साहसकथेतला नायक साहस करतो ते बहुधा सुट्टीत. शाळा सुटली, सामान बांधले, मामाकडे वा काकाकडे गेला, आणि तेथे रहस्य त्याची वाट पाहत होते. “त्याले सुट्टीत काम नसते का?” असे एका मुलाने विचारले. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कापूस फुटलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आईच्या बरोबरीने पोर तासात उतरते, त्याने वेचलेला कापूस आईच्या गाठोड्यात पडतो, आणि संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढते तेव्हा वहीत एकट्या आईचे नाव लागते.

या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते सांगणे भाग आहे. बालकामगार प्रतिबंधाचा कायदा १९८६ चा. त्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही व्यवसायात कामाला लावण्यास बंदी झाली. मात्र एक सूट ठेवण्यात आली: धोक्याचे नसेल अशा घरच्या कामात किंवा कुटुंबाच्या व्यवसायात मुलाने शाळेच्या वेळेनंतर, अथवा सुट्टीत, मदत केली तर चालेल. सुट्टीत! दुसऱ्याच्या शेतातली वेचणी हा काही घरचा व्यवसाय नव्हे, हे खरे. पण गाठोडे आईचे असल्यावर कोण कोणाला विचारतो? पुस्तकातल्या पोराची सुट्टी साहसाला मोकळी, आणि ऐकणाऱ्या पोराची सुट्टी कायद्यानेच कामाला अर्धी मोकळी करून ठेवलेली. आईला दोष देण्यात अर्थ नाही. वेचणीचा दर नीट असता तर तिने पोराला तासात उतरविले नसते, आणि हा हिशेब आम्ही या व्यासपीठावर पुन्हा केव्हातरी मांडू.

यावरून काही तरुण कार्यकर्ते असा निष्कर्ष काढतात, की फेण्यासारखी पुस्तके मध्यमवर्गाची चैन आहे. कामगारांच्या मुलांस त्यांच्या हालअपेष्टांच्या कथा द्याव्यात. हा विचार आम्हांस मुळीच पटत नाही. हालअपेष्टा त्यांना घरी फुकट मिळतात. पोटभर हसणे व दुसऱ्याच्या सायकलमागे बसून काश्मीरला जाणे यांवर कोणा एका वर्गाचा हक्क लिहून दिलेला नाही. मागणी करावयाची ती अशी, की गाडी तीच राहो, पण तिच्यात आमच्याही पोरांना जागा मिळो.

हे होऊ शकते, याला जर्मनीतला दाखला आहे. एरिख केस्टनर या लेखकाचे ‘एमिल आणि गुप्तहेर’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९२९ साली बर्लिनला निघाले. चित्रे वाल्टर ट्रियर यांची. एमिलचा बाप वारलेला, आई घरीच लोकांचे केस धुऊन, विंचरून संसार चालविते. तिने साठविलेले १४० मार्क घेऊन एमिल आगगाडीने बर्लिनला आजीकडे निघतो. पैसे हरवू नयेत म्हणून तो नोटा कोटाच्या आत टाचणीने टाचून ठेवतो, तरी डोळा लागताच सहप्रवासी ते लांबवतो. परक्या शहरात एमिलला रस्त्यावरची पोरे भेटतात. एकाजवळ मोटारीचा भोंगा असतो, कोणी पैसे गोळा करते, कोणी निरोप पोहोचविते, आणि चोरामागे पोरांचा घोळकाच्या घोळका लागतो. शेवटी नोटा एमिलच्याच, हे सिद्ध होते ते टाचणीच्या भोकांवरून. कामाची वाटणी करून घेतलेली, वर्गणी काढलेली, शिस्तीने वागणारी ती पोरे पाहून आमच्यासारख्या माणसाला काय आठवले असेल, हे सांगावयास नको. येथे साहस सुरू होते ते आईच्या घामाचे पैसे गेले म्हणून. आणि तरीही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसविते. पुढे १९३३ साली नाझींनी केस्टनरची पुस्तके चौकात जाळली. त्या होळीत हे एक पुस्तक मात्र टाकले नाही, इतके ते घरोघरी लाडके झाले होते. चित्रकार ट्रियर हे ज्यू; त्यांना १९३६ साली देश सोडून लंडनला जावे लागले.

आपल्या देशात बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ मासिकात फेलूदा आणला आणि चित्रेही स्वतःच काढली. पण फेलूदा हा मोठा माणूस, मूल त्याच्या मागून चालते. मराठीत फेण्यानंतर मुलांनी ज्याला आपला म्हटले तो दिलीप प्रभावळकर यांचा बोक्या सातबंडे. पाळण्यातले नाव चिन्मयानंद. एवढ्या जड नावाखाली दबून न जाता त्याने बोक्या हे नाव गाजविले. आकाशवाणीवरून तो आधी मुलांच्या कानांत शिरला, मग पुस्तकांत आला. २००९ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, आणि २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार या मालिकेस मिळाला. बोक्याची साहसे फेण्याच्या मानाने जवळपासची. तो विमानचोर पकडावयास जात नाही, अडल्यानडल्यांची कामे करावयास जातो आणि त्यातून घोटाळे उपजतात. आमच्या रविवारच्या मंडळीस बोक्या लवकर कळतो, फेणे अधिक आवडतो. यामागचे कारण आम्ही एका पोराला विचारले. तो म्हणाला, “थो दूर जाते ना.”

फेण्याच्या वाट्याला पडदाही आला. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी बालवयात फेणे रंगविला. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाले, आणि गंमत अशी, की त्यात भा. रा. भागवतांची भूमिका केली ती बोक्याच्या लेखकाने, म्हणजे प्रभावळकरांनी! चित्रपट चांगला चालला. मात्र त्यातला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे, आणि प्रकरण परीक्षेतल्या गैरव्यवहाराचे, खुनाचे आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा वर्षांच्या मुलाचा फेणे त्यातून वजा झाला, आणि त्याला भेटावयाचे तर पुस्तकाकडेच गेले पाहिजे, एवढे नमूद करून ठेवतो.

पुस्तकाकडे जावयाचे म्हणजे कोठे? विकत घेणे हा सर्वांना परवडणारा मार्ग नव्हे. वीस पुस्तकांचा संच एकदम घेणे तर नाहीच. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांस अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकार अनुदान देते. बालविभाग चालविणारी, मुलांना कपाटाशी जाऊ देणारी ग्रंथालये आपण पाहिली आहेत, आणि तेथील सेवक किती तुटपुंज्या वेतनावर तो विभाग चालवितात हेही आम्ही पाहिले आहे. पण खाणवस्तीतले पोर शहरातल्या ग्रंथालयात येणार कसे, अनामत भरणार कोण, आणि पुस्तक फाटले तर? या तीन प्रश्नांपाशी पुष्कळांची गाडी अडते. आमच्या कचेरीतल्या पत्र्याच्या पेटीचा नियम आम्ही यासाठीच साधा ठेवला: अनामत नाही, दंड नाही, फाटलेले पान ज्याने फाडले त्याने खळ लावून चिकटवावयाचे. पेटीतली काही पुस्तके आता पानांपेक्षा खळीचीच अधिक झाली आहेत.

शाळेची गोष्ट निराळी, कारण तेथे मागण्याचा अधिकार आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेला वर्ग किती, शिक्षक किती, हे जसे सांगितले आहे, तसेच प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांची पुस्तके असावीत, असेही सांगितले आहे. आणि पुढे गोष्टीची पुस्तके हा शब्द स्पष्ट घातला आहे. म्हणजे गोष्टीचे पुस्तक ही शाळेची मेहेरबानी राहिलेली नाही, ती पिण्याच्या पाण्यासारखी आणि स्वच्छतागृहासारखी कायद्याने देणे असलेली वस्तू आहे. एका शाळेत आम्ही गेलो असता पुस्तके दाखविण्यात आली. कोरी करकरीत, काचेच्या कपाटात, क्रमांक घालून मांडलेली. मुलांना ती देता का, असे विचारले, तेव्हा “खराब होतात” असे उत्तर मिळाले. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली असलेले गुरुजी त्या दिवशी रजेवर होते.

याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. श्रोत्यांपैकी अनेकजण अशा समित्यांवर आहेत, काहींच्या पत्नी आहेत, आणि सभेच्या कागदावर सही करून चहा घेऊन परत येणे एवढाच त्यांचा शिरस्ता आहे. पुढच्या सभेत त्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गोष्टीची पुस्तके किती आहेत, गेल्या महिन्यात त्यांतली किती मुलांच्या घरी गेली, आणि गुरुजी रजेवर असले म्हणजे कपाटाची किल्ली कोणाकडे असते. उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्यावीत. आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, वेचणी सुरू व्हावयाच्या आधी, प्रत्येक मुलाच्या हाती एकेक पुस्तक पडेल असा ठराव त्याच सभेत मांडावा. सूचक आणि अनुमोदक यांची नावे लागतात, ती आधीच ठरवून जावे.